दूरशिक्षणाचे गद्य : शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पदवीकडे लेखन म्हणून पाहताना

एखाद्या ऑनलाइन पदवीची चर्चा आपल्याकडे दोनच अंगांनी होते. तिला मान्यता आहे का, आणि तिच्यामुळे पगारात काही फरक पडेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये देऊन टाकले आहे. मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीची पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष मानली जावी, असे आयोगाने जाहीर केले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने शाळेच्या कार्यालयात विचारावे. या लेखात मला तिसरेच काही विचारायचे आहे. पदवी म्हणजे प्रत्यक्षात काही हजार पानांचे गद्य असते. ते कोणीतरी लिहिलेले असते आणि कोणीतरी रात्री दहानंतर वाचत असते. हे गद्य कसे आहे?

मराठी समीक्षेने हा प्रश्न जवळजवळ विचारलेलाच नाही. पाचशे प्रतींच्या कवितासंग्रहावर चार परीक्षणे येतात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्वयं-अध्ययन पुस्तके मात्र १९८९ सालापासून घरोघरी जात आहेत आणि ‘वाचनीय आहे की नाही’ एवढी साधी नोंदही त्यांच्या वाट्याला येत नाही. पाठ्यपुस्तक हे साहित्य नव्हे, अशी आपली पक्की समजूत आहे. शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयापुरती तरी ती बाजूला ठेवली पाहिजे, कारण इथे साधन हाच विषय आहे. स्थापत्याचा विद्यार्थी पुलाविषयी वाचतो, पुलावर बसून वाचत नाही. शैक्षणिक तंत्रज्ञानाचा ऑनलाइन विद्यार्थी मात्र ज्या गोष्टीविषयी वाचतो, तिच्याच आत बसलेला असतो. चांगला स्वयं-अध्ययन घटक कसा असावा हे सांगणारा घटकच वाईट असेल, तर तो आपल्याच विरुद्ध साक्ष देतो.

वाचक कोण, ते आधी पाहू. अंबरनाथ पूर्वेतल्या एखाद्या अनुदानित शाळेतली शिक्षिका डोळ्यांसमोर आणा. वय चाळिशीकडे झुकलेले, नोकरीची बारा वर्षे पूर्ण होऊन वरिष्ठ वेतनश्रेणीचा विचार सुरू झालेला. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग जुहूच्या परिसरात आहे. देशातल्या या विषयाच्या मोजक्या स्वतंत्र विभागांपैकी तो एक. अंबरनाथहून तिथे जायचे तर दादरला गाडी बदलून सांताक्रूझ, पुढे रिक्षा, म्हणजे एका बाजूचे साधारण दोन तास. पवईची आय.आय.टी. नकाशावर जवळ दिसते, पण वेळेच्या हिशेबात तीही जवळ नाही. मुक्त विद्यापीठ तर नाशिकलाच. म्हणजे ‘दूरशिक्षण’ या शब्दातला ‘दूर’ इथे मैलांचा नाही. अंबरनाथ काही दुर्गम नाही. मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे उल्हासनगर ओलांडले की आलेच. दूर आहे तो वेळ.

हा वेळ पदवी वाचवते का? मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे तीस तास असा हिशेब धरतात. ऐंशी श्रेयांकांची पदव्युत्तर पदवी धरली तर २४०० तास. दोन वर्षांत ती पुरी करायची तर सुट्ट्यांसकट रोज सव्वातीन तास. जुहूला जाऊन-येऊन जेवढा वेळ गेला असता, त्याहून थोडाच कमी. फरक इतकाच की हे सव्वातीन तास एका बैठकीचे नसतात. पोळ्या झाल्यावर चाळीस मिनिटे, गाडीत उभ्याने वीस, मुले झोपल्यावर दीड तास. या वाचकाला सलग बैठक मिळत नाही, हे लक्षात ठेवूनच त्याच्यासाठीचे गद्य लिहिले गेले पाहिजे. तसे ते लिहिले जाते का, ही माझी पहिली कसोटी.

ऑटो पीटर्स या जर्मन अभ्यासकाने १९६७मध्ये दूरशिक्षणाला शिक्षणाचे औद्योगिक रूप म्हटले. मजकूर लिहिणारा एक, संपादक दुसरा, छापणारा तिसरा, अभ्यासकेंद्रावरचा समंत्रक चौथा, उत्तरपत्रिका तपासणारा पाचवा. शिकवण्याच्या एका कृतीचे कारखान्यासारखे तुकडे. दिवाकाडीच्या कारखान्यापासून आयुधनिर्माणीपर्यंत आणि पुढे एमआयडीसीपर्यंत कारखान्यांवर वाढलेल्या अंबरनाथला श्रमविभागणी समजावून सांगायला नको. पूर्ण वस्तूची जबाबदारी कोणा एकाची नसते, हे इथल्या दोन पिढ्या जाणतात. पीटर्सच्या सिद्धान्ताला उत्तर म्हणून बोर्ये होल्मबर्ग या स्वीडिश अभ्यासकाचे म्हणणे पुढे ठेवले जाते. दूरशिक्षणाचा मजकूर हा मुळात संवाद असला पाहिजे. लेखकाने वाचकाला उद्देशून बोलावे, त्याच्या शंकेची चाहूल लागावी, असा त्याचा आग्रह. दोघेही या विषयाच्या अभ्यासक्रमांत शेजारी-शेजारी येतात. गंमत अशी की होल्मबर्गचा संवादाचा सिद्धान्त मांडणारा परिच्छेद बहुधा पीटर्सच्या कारखान्यातून निघालेला असतो.

मुक्त विद्यापीठाच्या छापील घटकाचा साचा परिचित आहे : उद्दिष्टे, प्रास्ताविक, विषय-विवेचन, मध्येमध्ये स्वयं-अध्ययन प्रश्न, सारांश, प्रश्नांची उत्तरे, अधिक वाचन. हा साचा परदेशी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. दासबोधाचा पहिला समास पाहा. श्रोते प्रथम विचारतात की हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, आणि ऐकल्याने काय मिळेल. आजच्या भाषेत घटकाचे शीर्षक, आशय आणि अध्ययन-निष्पत्ती. पुढे वीस दशक, प्रत्येकी दहा समास, प्रत्येक समास एका बैठकीत ऐकता येईल एवढा. खंडित वेळ असलेल्या श्रोत्यासाठी विषयाची विभागणी कशी करावी, हे मराठीला नवे नाही. मग फरक कुठे पडतो? समर्थांचा श्रोता प्रश्न विचारतो, मध्येच अडतो, आक्षेप घेतो आणि वक्त्याला उत्तर द्यावे लागते. स्वयं-अध्ययन घटकात प्रश्न विचारतो तो लेखकच, आणि त्याचे उत्तर वरच्याच परिच्छेदात पडलेले असते. वाचकाची शंका त्यात नसते, असते ती वाचकाची हजेरी.

भाषेचे दुखणे इथूनच सुरू होते. या गद्यात कर्ता क्वचितच सापडतो. ‘असे मानले जाते’, ‘यावर भर दिला जातो’, ‘प्रत्याभरण पुरवले जावे’. कोण मानतो, कोण भर देतो, प्रत्याभरण कोणी कोणाला पुरवायचे? प्रत्याभरण हा शब्द परिभाषा म्हणून चुकीचा नाही, घडणही व्यवस्थित आहे. पण वर्गात मुलाच्या वहीवर शेरा लिहिणारी बाई ती कृती रोज करते आणि तिच्याकडे त्यासाठी ‘शेरा’, ‘दुरुस्ती’, ‘पाठ थोपटणे’, ‘परत कर’ असे चार वेगळे शब्द आहेत. त्या चार कृतींमधला फरक हाच तर विषय. एकाच पारिभाषिक शब्दाखाली तो फरक झाकला जातो आणि वाचणारीला वाटते की आपण जे करतो ते आणि पुस्तकात आहे ते काही वेगळेच असणार. तरीही न्यायाने बोलायचे तर मुक्त विद्यापीठाने हे सारे मराठीत लिहिण्याचा घाट घातला, ही गोष्ट लहान नव्हे. राम ताकवले यांच्यासारखा संस्थापक कुलगुरू लाभल्याने विद्यापीठाला सुरुवातीपासून दूरशिक्षणाकडे केवळ सोय म्हणून नव्हे, तर स्वतंत्र पद्धती म्हणून पाहता आले. ‘समंत्रक’, ‘संपर्कसत्र’, ‘स्वाध्याय’ हे शब्द त्या काळात रुळले आणि आजही सहज वापरले जातात. इग्नूची शैक्षणिक तंत्रज्ञानातली पदव्युत्तर पदविका किंवा दूरशिक्षणातली एम.ए. घेणाऱ्याला मात्र मुख्यतः इंग्रजी साहित्यावरच भागवावे लागते. त्या साहित्याची रचना अनेकदा अधिक काटेकोर असते, हेही मान्य केले पाहिजे.

पडद्याचा इतिहास महाराष्ट्रात तुटक आहे. १९७५-७६च्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात, म्हणजे साइटमध्ये, सहा राज्यांतली २४०० खेडी होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. १९८४मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, मराठी मुलांसाठी कार्यक्रम करणारी एक पिढी तिथे तयार झाली आणि २०१७मध्ये संस्था बंद झाली. मराठीत दृक्-श्राव्य अध्यापनाची भाषा घडवणारे ते एकमेव मोठे ठिकाण होते, असे माझे मत आहे. ते बंद झाल्याचे दुःख साहित्यवर्तुळात फारसे उमटले नाही. त्याच वर्षी ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ आले. मग मार्च २०२० आला आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या मोहिमेत शिक्षकांना एका आठवड्यात ते सारे करायला लागले, ज्याची पदवी त्यांनी घेतलेली नव्हती. आज या विषयाच्या ऑनलाइन पदवीकडे वळणाऱ्या अनेकांच्या मागे ती दोन वर्षे आहेत.

ऑनलाइन अभ्यासक्रमाचा साचा ‘स्वयम्’ने चार भागांत बसवला : ध्वनिचित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चापीठ आणि स्वयं-मूल्यमापन. कागदावर हे छापील घटकाहून श्रीमंत वाटते. प्रत्यक्षात ध्वनिचित्रफितीत बहुधा एक प्राध्यापक सरकपट्ट्यांवरचा मजकूर वाचून दाखवतात, म्हणजे जो परिच्छेद वाचायला चार मिनिटे लागतात तो ऐकायला अकरा. चर्चापीठावर ‘धन्यवाद सर, छान माहिती’ असे लिहून हजेरी लागते. रिचर्ड क्लार्कने १९८३मध्ये म्हटले होते की माध्यम हे केवळ वाहन आहे. किराणा आणणाऱ्या ट्रकने अन्नाचे पोषणमूल्य बदलत नाही. रॉबर्ट कोझमाने पुढे त्याला आव्हान दिले : माध्यमाची अंगभूत क्षमता वापरली तर शिकण्याची रीत बदलते. या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा वाद परीक्षेसाठी लिहावा लागतो. पण त्याच्या समोरचा अभ्यासक्रमच क्लार्कच्या बाजूने पुरावा देत असतो, हे उत्तरपत्रिकेत लिहिण्याची सोय नसते.

याला अपवाद आहेत आणि ते याच महानगराच्या परिसरात आहेत. पवईच्या आय.आय.टी.तल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांनी, सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांच्या गटाने, विद्यार्थिकेंद्री ऑनलाइन अभ्यासक्रमाचा एक आराखडा मांडला. त्यात ध्वनिचित्रफीत मध्येच थांबते. प्रश्न येतो, वाचणाऱ्याने वहीत स्वतःचे उत्तर लिहायचे, आणि मगच वक्ता पुढे जातो व संभाव्य उत्तरांविषयी बोलतो. मी याला ‘चिंतनविराम’ म्हणेन. कीर्तनकार पूर्वरंगात प्रश्न टाकून क्षणभर थांबतो, ते थांबणे हेच. त्याच संस्थेतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची रीत तर मला वाङ्मयीन दृष्टीने जास्त मोलाची वाटते. दहा मिनिटांच्या आसपासच्या पाठाची संहिता आधी लिहायची, ती विषय अजिबात न जाणणाऱ्या माणसाकडून करून पाहायची, तो जिथे अडेल तिथे वाक्य बदलायचे आणि मगच ध्वनिमुद्रण. नंतर मराठीसह इतर भारतीय भाषांत ते बोलायचे. न जाणणारा वाचक हा लेखनाच्या आधीच संहितेत शिरतो. आपल्या किती पाठ्यपुस्तकांनी, किती समीक्षालेखांनी, ही परीक्षा दिली असती? (हा लेखही त्यात धरावा.)

पण सर्वांत मोठी उणीव वाक्यरचनेच्या पलीकडची आहे. अध्यापन-आराखड्याच्या अनेक प्रारूपांत पहिली पायरी विश्लेषणाची असते. विद्यार्थी कोण, त्याला काय येते, कोणत्या परिस्थितीत तो शिकतो, हे आधी नोंदवा. आपल्या शिक्षिकेला त्यावर स्वाध्याय लिहावा लागतो. तिच्या वर्गातले वास्तव काय आहे? उल्हासनगर १९४९मध्ये फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले. बदलापूरकडे रोज नव्या इमारती उठतात आणि त्यांच्या बांधकामावर येणारी कुटुंबे आपली भाषा घेऊन येतात. अंबरनाथच्या एका वर्गात घरी मराठी, सिंधी, हिंदी, तेलुगू बोलणारी मुले एका बाकावर असू शकतात. घरातला एकच फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो. हे सारे तिला ठाऊक आहे, आणि विश्लेषणाचा नमुना-तक्ता ते मागत नाही. तिथे वयोगट, पूर्वज्ञान, अभिरुची असे तीन रकाने असतात. ती त्यांत ‘वयोगट १२ ते १४’ लिहून गुण मिळवते. आणि ज्या पदवीने तिला विश्लेषण शिकवले, त्या पदवीने तिचे स्वतःचे विश्लेषण कधी केलेले नसते. ती कोणत्या वेळी वाचते, कशावर वाचते, कोणत्या भाषेत विचार करते, हे प्रवेशअर्जात कुठेही विचारलेले नसते.

म्हणून मी परिभाषेपाशी पुन्हा येतो. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६मध्ये शिकणाऱ्याला तात्पुरता आधार देण्यासाठी ‘स्कॅफोल्डिंग’ हा शब्द वापरला. मराठी पुस्तकांत त्याचे कधी ‘आधारमंच’ होते, कधी तो नुसताच देवनागरीत उतरतो. गवंड्यांच्या मराठीत त्याला परांची म्हणतात. भिंत उभी राहीपर्यंत बांबू आणि दोऱ्यांनी बांधतात, भिंत झाली की सोडून पुढच्या इमारतीला नेतात. काढून घेणे हा त्या कल्पनेचा गाभा आहे, आणि ‘आधारमंच’ या शब्दातून नेमका तोच निघून जातो. मंच काही कोणी काढत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात खिडकीतून बाहेर पाहिले तर परांची दिसते, आणि तिच्या वर्गातल्या काही मुलांचे वडील त्या परांचीवर उभे असतात. आय.आय.टी.चा ‘उडान’ प्रकल्प आता तांत्रिक पुस्तके यंत्राच्या मदतीने भारतीय भाषांत आणतो आहे. काम उपयोगाचे आहे, आणि मराठी पुस्तकांची संख्या त्याने वाढेलही. यंत्राला ‘परांची’ हा शब्द सापडायचा तर तो आधी कोणीतरी या विषयावरच्या मराठी मजकुरात लिहून ठेवलेला हवा. तो स्वाध्यायाच्या पानावर लिहायची सोय आज त्या शिक्षिकेकडेच आहे, आणि तपासणारा समंत्रक त्याखाली लाल रेघ ओढतो की बरोबरची खूण करतो, हे त्याने त्या सकाळी कुठले पुस्तक प्रमाण मानले आहे त्यावर ठरेल.