कैवार आणि साक्ष

दुसऱ्याच्या हक्कासाठीं झगडलेल्या स्त्रियांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें, त्यांत स्तुति पुष्कळ आणि परीक्षण थोडें असतें. बाईनें तुरुंगवास भोगला, संसाराचें सुख सोडलें, एवढें कळलें कीं टीकाकार हात जोडून बाजूला होतो. आदराची ही भावना स्वाभाविक आहे; पण चारित्र्याबद्दलचा आदर हा ग्रंथपरीक्षणाचा पर्याय नव्हे. चळवळीच्या ग्रंथाचीं कामें दोन असतात. तो कैवार घेतो आणि साक्ष देतो. कैवारी दुसऱ्याच्या वतीनें बोलतो. साक्षीदार स्वतःच्या अनुभवाच्या बळावर बोलतो. वकिलाचें भाषण कितीही प्रभावी झालें, तरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत त्याला उभें राहतां येत नाहीं. हा भेद ध्यानांत ठेवून आपल्या वाङ्मयांतील कांहीं पुस्तकांकडे पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम गोदावरी परुळेकर यांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें पुस्तक घेऊं. पुण्यास जन्मलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या आणि भारत सेवक समाजांत काम केलेल्या या बाई १९४५ च्या सुमारास ठाणें जिल्ह्यांतील वारल्यांमध्यें गेल्या. त्या लढ्याची हकीकत त्यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केली व १९७२ सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. वेठबिगार म्हणजे काय, हें या पुस्तकानें मराठी मध्यमवर्गाला जसें दाखविलें तसें क्वचितच दुसऱ्या कोणीं दाखविलें असेल. लग्नासाठीं जमीनदाराकडून थोडेसे पैसे उचलावे आणि त्यापायीं नवराबायकोनें मिळून त्याच्या घरीं राबत राहावें, या ‘लग्नगडी’च्या चालीचें वर्णन वाचून वाचक सुन्न होतो. ऑक्टोबर १९४५ मध्यें तलवाड्यास पोलिसांनीं गोळीबार केला व जेठ्या गांगड याच्यासह पांच आदिवासी प्राणांस मुकले. त्यानंतरही वारली मागें हटले नाहींत.

या ग्रंथाचा खरा गुण त्याच्या नांवांतच आहे. ‘माणूस जागा केला’ असें बाईंनीं म्हटलें नाहीं. ‘माणूस जागा होतो’ असें म्हटलें. एका क्रियापदाच्या निवडीनें त्यांनीं स्वतःला कर्तेपणावरून खालीं उतरविलें आहे. वारल्यांनीं त्यांना ‘गोदाराणी’ म्हणावें आणि त्यांनीं मात्र आपल्या ग्रंथाच्या नांवांत स्वतःला जागा ठेवूं नये, हा संयम केवळ विनय नव्हे. ती वाङ्मयीन प्रामाणिकपणाची खूण आहे.

पण याच ठिकाणीं मर्यादाही सांगितली पाहिजे. या पुस्तकांतील वारली स्त्री आपल्याला बाईंच्या डोळ्यांनीं दिसते व बाईंच्या शब्दांनीं बोलते. जमीनदारानें तिच्यावर केलेले अत्याचार आपण वाचतों. पण त्यांकडे ती स्वतः कोणत्या दृष्टीनें पाही, तें अनुमानानेंच जाणावें लागतें. ‘ती निरक्षर होती, मग बोलणार कशी?’ असें कोणी म्हणेल. परंतु निरक्षर म्हणजे मुकी नव्हे. वारल्यांत लग्न लागतें तें धवलेरीच्या गाण्यानें. ही धवलेरी स्त्रीच असते. चौक लिहिण्याचा मानही सुवासिनींचा. ज्या समाजांत स्त्रीच्या मुखांतील शब्दांवांचून लग्न सिद्ध होत नाहीं, त्याच समाजांत लग्नाचें कर्ज नवराबायकोला गुलाम करी. या दोन गोष्टी एका ठिकाणीं आणून ठेवल्या म्हणजे वारली स्त्रीला वाणी नव्हती असें म्हणवत नाहीं. वाणी होती, ती ऐकून कागदावर उतरविणारी लेखणी तेवढी जवळ नव्हती. ही उणीव एकट्या परुळेकरांची नसून आपल्या सगळ्या सुशिक्षित वर्गाची आहे.

ती किती जवळची आहे, हें पाहण्यास फार लांब जावयास नको. आम्ही हें बावधनास बसून लिहितों. मुळशी तालुक्याच्या या पूर्वेकडील टोकाला आतां पुणें शहर येऊन भिडलें आहे. पण याच तालुक्याच्या पश्चिमेस, टाटांच्या धरणाखालीं जाणाऱ्या जमिनींसाठीं, १९२१ ते १९२४ या काळांत मावळ्यांनीं सत्याग्रह केला. राजेंद्र व्होरा यांनीं २००९ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्याला जगांतील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलें आहे. त्या सत्याग्रहांत स्त्रियाही होत्या. परंतु मुळशीचें नांव निघालें कीं आपल्या ओठीं सेनापति बापट येतात, फार तर विनायकराव भुस्कुटे येतात. बापटांना ‘सेनापति’ ही पदवी ज्या लढ्यानें दिली, त्यांतील मावळी बाईला आपल्या स्मरणांत साधें नांवही लाभूं नये, हें शल्य आहे. आणि शेतकरी बाईची ही गत, तर याच डोंगरांतील कातकरी बाईची काय असेल? सात-बाराच्या उताऱ्यावर जिच्या घराचें नांव नाहीं, तिचें नुकसान मोजावयास कोण बसणार?

ही उणीव भरून काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनीं १९८९ सालीं ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथांत केला. आंबेडकरी चळवळींत वावरलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरीं जाऊन, त्यांच्याच तोंडून त्यांची हकीकत या दोघींनीं मिळविली. जुलै १९४२ मध्यें नागपुरास सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं भरलेली दलित महिलांची परिषद अशा ग्रंथांमुळेंच नव्या पिढीला ठाऊक झाली. रचनेच्या दृष्टीनें पुस्तक सैल आहे. मुलाखतींत पुनरुक्ति आहे. पण ती पुनरुक्तीच येथें पुरावा ठरते. दहा बायका दहा गांवीं एकच गोष्ट सांगतात, तेव्हां ती कंटाळवाणी न राहतां सिद्ध होते. नांवांतला ‘ही’ हा प्रत्ययही लहान नाहीं. इतिहास लिहिणाऱ्या सर्वांवर तो एका अक्षराचा ठपका आहे.

ही साक्ष काल-परवांची आहे असेंही नाहीं. फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मांग मुलीनें १८५५ सालींच ‘ज्ञानोदयां’त निबंध लिहून, वेदांवर हक्क नसलेल्या आम्हां लोकांचा धर्म तरी कोणता, असा सवाल केला होता. बेबी कांबळे यांनीं ‘जिणं आमुचं’ अनेक वर्षें घरच्यांपासून लपवून ठेवलें. तें पुस्तकरूपानें १९८६ सालीं आलें. पुणें विद्यापीठांत अध्यापन केलेल्या शर्मिला रेगे यांनीं २००६ सालीं अशीं आत्मकथनें साक्ष म्हणूनच वाचावीत, अशी भूमिका इंग्रजी ग्रंथांत मांडली. आमच्या विवेचनावर त्या विचाराचें ऋण आहे.

जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केली. तो धागा धरून त्या देशांत गेलों, तर तेथेंही हाच प्रश्न उभा दिसतो. सोजर्नर ट्रूथ या कृष्णवर्णीय बाईनें १८५१ सालीं ॲक्रन येथें स्त्रियांच्या सभेंत भाषण केलें. जगभर गाजलेला त्याचा पाठ मात्र फ्रान्सिस गेज या गोऱ्या बाईनें बारा वर्षांनीं लिहिलेला आहे. ट्रूथ न्यूयॉर्क प्रांतांतली, तिची पहिली भाषा डच. गेजबाईंनीं तिच्या तोंडीं दक्षिणेकडील गुलामांची बोली घातली. हेतु चांगला होता, पण आवाज पालटला. हॅरिएट जेकब्जचें १८६१ सालचें आत्मचरित्र तर, तें टोपणनांवानें आलें व त्यावर लिडिया मारिया चाइल्ड यांचें संपादिका म्हणून नांव होतें म्हणून, दीर्घकाळ कल्पित मानलें गेलें. १९८७ सालीं जीन फेगन येलिन यांनीं सप्रमाण आवृत्ति काढून त्या लेखिकेला तिचें पुस्तक परत मिळवून दिलें. आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ निघालें त्याच सालीं किंबर्ले क्रेनशॉ या विदुषीनें दाखवून दिलें कीं, न्यायालय काळ्या बाईची तक्रार एकतर बाईची म्हणून तपासतें, नाहींतर काळ्यांची म्हणून. दोहोंच्या मध्यें ती स्वतः हरवते. आपल्याकडील दलित वा आदिवासी स्त्रीला हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

यावरून कैवारी ग्रंथ टाकाऊ, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. जिला वाचतां येत नाहीं, जिच्यावर सावकाराची नजर आहे, तिनें स्वतः ग्रंथ लिहीपर्यंत सर्वांनीं गप्प बसावें, हा सोवळेपणा जमीनदाराच्याच पथ्यावर पडतो. परुळेकरांनीं लिहिलें नसतें, तर लग्नगडी हा शब्दही आपल्यांपैकीं पुष्कळांच्या कानीं आला नसता. म्हणून टीकाकारानें पाहावयाचें तें इतकेंच कीं, कैवार घेणाऱ्या लेखणीनें साक्षीदारासाठीं जागा सोडली आहे, कीं तीही स्वतःच व्यापली आहे? या कसोटीस परुळेकरांचें पुस्तक पुष्कळ अंशीं उतरतें. पवार-मून यांचें पूर्णपणें उतरतें. आणि चळवळीच्या नायिकांवरील आपलीं बहुतेक गौरवपर चरित्रें उतरत नाहींत, कारण त्यांत नायिका सतत बोलत असते आणि जिच्यासाठीं ती लढली ती बाई केवळ रडत असते.

उषाकिरण आत्राम यांच्यासारख्या कवयित्री गोंडी आणि मराठी या दोनही भाषांतून लिहूं लागल्या, ही या दृष्टीनें मोठी घटना आहे. कैवारी वाङ्मयाचें सर्वांत मोठें यश म्हणजे त्याची गरज कमी होणें. तो दिवस यावयाचा असेल तर पुरस्कार, सत्कार आणि स्मरणिका यांवर होणारा खर्च थोडा आवरून, मावळांतल्या आणि डहाणूच्या जंगलपट्टींतल्या म्हाताऱ्या बायकांपुढें कोणीतरी वही घेऊन बसलें पाहिजे. त्या बायका दर वर्षीं कमी होत आहेत.