वेशभूषा साजेशी

अलिबागमधल्या एका हौशी संस्थेनं कान्होजी आंग्र्यांवर एकांकिका बसवली, तेव्हा कपड्यांचं काम माझ्याकडे होतं. प्रयोगानंतर परीक्षण छापून आलं. लेखन, दिग्दर्शन, अभिनय यांवर भरभरून लिहिलं होतं आणि शेवटच्या ओळीत उरलेल्या सगळ्यांचा हिशेब मिटवला होता. माझ्या वाट्याला दोन शब्द आले : वेशभूषा साजेशी.

मराठी नाट्यपरीक्षणं वाचणाऱ्यांना हे दोन शब्द पाठ असतील. कधी ‘साजेशी’च्या जागी ‘पूरक’ येतं, कधी ‘समर्पक’. कापड कुठलं होतं, तो रंग का निवडला, दुसऱ्या प्रवेशात नायकाच्या खांद्यावरून शेला का गेला, हे कुणी विचारत नाही. गाण्यावर लिहिताना राग विचारतात, पण कपड्यावर लिहिताना सूत विचारत नाहीत.

त्या एका अंगरख्यासाठी मी तीन वेळा मुंबईला गेले होते. अलिबागहून मांडवा, मांडव्याहून तासाभराची लाँच, गेटवेहून टॅक्सीनं मंगलदास मार्केट. तिसऱ्या खेपेला पावसाळा लागला, गेटवेच्या लाँच बंद झाल्या, मग रो-रोनं भाऊच्या धक्क्याला उतरले. दुकानदार माझ्यासमोर चकचकीत ब्रोकेडचे ताके टाकत होता. ‘ऐतिहासिकला सगळे हेच नेतात, ताई.’ मला ते नको होतं. हा माणूस दरबारात बसणारा नव्हता, समुद्रावर राहणारा होता. उजेड परत फेकणारं कापड मला नको होतं, उजेड पिणारं हवं होतं.

कापड मी मुठीत चुरगळून सोडते आणि ते किती वेळानं सैल होतं ते बघते. मग गल्लीतल्या उजेडात नेते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सुंदर दिसणारा निळा रंग स्टेजच्या पिवळ्या दिव्याखाली मातकट होतो, हे मी पैसे घालवून शिकले आहे. शेवटी जाड मांजरपाट घेतला. घरी दोनदा रंगवला, गच्चीवर खाऱ्या वाऱ्यात वाळवला, घेराची कड काथ्यानं घासली. गळ्याला जुनी जर लावली. आमच्याकडच्या हवेत नकली जर काही महिन्यांत काळी पडते आणि एरवी त्याचाच वैताग असतो, पण या वेळी मला काळी पडलेलीच हवी होती.

काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या संस्थेचा कान्होजी. तोच अंगरखा, तशीच कंबर, गळ्याची पट्टी तेवढ्याच रुंदीची. माझ्याच प्रयोगाचा फोटो समोर ठेवून शिवलेला, हे शिवणाऱ्या बाईला डोळे मिटून कळतं. फक्त कापड साटिनचं होतं. मी रागानं एक लांबलचक मेसेज लिहिला. त्यात ‘कॉपीराइट’ हा शब्द तीनदा होता.

पाठवण्याआधी कायदा वाचला. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्र, रेखाटन या ‘कलाकृती’ आहेत. मी काढलेल्या वेशभूषेच्या स्केचवर माझा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. कपडा बाजारात गेला की मामला बदलतो : डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी गोष्ट नोंदवली नाही आणि औद्योगिक पद्धतीनं तिच्या ५० हून जास्त प्रती निघाल्या, की कॉपीराइट संपतो. माझा अंगरखा तर एकच होता. म्हणजे माझी बाजू भक्कम, असं वाटलं.

मग मी माझं स्केच पुन्हा उघडलं. त्यात होतं काय? अंगरखा, शेला, पगडी. यातलं माझं काहीच नव्हतं. तो बेत जुन्या चित्रांमधून आलेला, म्हणजे सगळ्यांचाच. माझं जे होतं, तो मांजरपाट, तो दोनदा दिलेला रंग, ती काळी जर, त्यातलं एकही स्केचमध्ये नव्हतं. आणि नेमकं तेवढंच त्या लोकांनी उचललं नव्हतं.

इथे मला भानू अथैया आठवतात. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, चित्रकार म्हणून सुरुवात केलेल्या, ‘गांधी’ (१९८२) साठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. त्यांच्याबद्दल आपण ऑस्करपुरतंच बोलतो. पण तो सिनेमा आवाज बंद करून बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या बॅरिस्टरचा कडक सूट, मग हळूहळू सैल होत गेलेले कपडे, शेवटी पंचा. माणूस बदलतोय हे संवादांच्या आधी कापड सांगतं. आता कायद्याच्या नजरेनं बघा : पंच्यात ‘डिझाइन’ कुठे आहे? पंचा कुणाच्याच मालकीचा नाही. खादी किती जाड, किती धुतलेली, अंगावर कशी बसलेली, गर्दीतल्या शेकडो माणसांत कुणाचं पांढरं किती मळकं, या निवडीतच सगळी कला आहे. जगातला सगळ्यात मोठा सिनेपुरस्कार अशा कामाला मिळाला, ज्यातलं बरंचसं कागदावर काढून दाखवताच येणार नाही.

गंमत म्हणजे तो पुरस्कार त्यांच्यासोबत जॉन मोलो यांनाही मिळाला, ‘स्टार वॉर्स’चे वेशभूषाकार. त्या सिनेमातलं सैनिकांचं पांढरं शिरस्त्राण पुढे कोर्टात गेलं. ते मूळ घडवणारा कारागीरच त्याच्या प्रती विकत होता आणि निर्माती कंपनी त्याच्यावर दावा लावून बसली होती. २०११ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की हे शिल्प नाही, सिनेमाच्या कामासाठी केलेली वस्तू आहे; शिल्प म्हणून तिला कॉपीराइट नाही. म्हणजे एका टोकाला जगानं कधी न पाहिलेला पोशाख आणि दुसऱ्या टोकाला सगळ्यांनी पाहिलेला पंचा. कायदा दोन्हीपाशी अडखळतो.

स्वतःचंही सांगते. दर डिसेंबरात शाळांच्या स्नेहसंमेलनांची कामं येतात आणि ‘आम्रपाली’ (१९६६) मधल्या वैजयंतीमालासारखा पोशाख दर वर्षी कुणाला तरी हवा असतो. मी तो यूट्यूबवर थांबवून, स्क्रीनशॉट काढून शिवलेला आहे, पाचसहा वेळा तरी. अथैयांचं नाव एकदाही घेतलं नाही. त्या पोशाखासाठी त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली होती. तिथल्या भिंतीवरचे चित्रकार निनावीच आहेत. नकलेची ही साखळी लांब आहे, आणि मी तिच्या मधोमध उभी राहून मागच्याला चोर म्हणत होते.

तो मेसेज मी पाठवला नाही. ओळखीतून त्या दुसऱ्या अंगरख्याच्या शिंप्याचा नंबर मिळवला. ते म्हणाले, ‘मला फोटो दिला आणि दोन दिवस दिले. गावात साटिनच मिळालं. तुमचा लय भारी होता, पण कापड कळलं नाही फोटोत.’ माझी पट्टी त्यांना इतकी जमली होती, की मला त्यांचं कौतुक करावं लागलं. त्यांच्या प्रयोगाच्या पत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं. तिथल्या परीक्षणातही वेशभूषा साजेशीच होती.

माझा मांजरपाट आणि त्यांचं साटिन, दोन्हींना एकच शब्द. मला खरी चीड इथे आहे. कायदा कापडाचा पोत राखू शकत नाही, हे मला पटतं. राखायला लागला तर उद्या पंच्यावरही कुणी मालकी सांगेल. कायदा एवढं मात्र मानतो, की हक्क विकला तरी कलाकृतीखाली आपलं नाव मागता येतं. बाकीचं काम समीक्षेचं आहे. समीक्षकानं दोन अंगरख्यांतला फरक सांगितला असता, तर पुढच्या वेळी त्या शिंप्याला दोनऐवजी आठ दिवस आणि मुंबईचं भाडं मागता आलं असतं. पहिल्या खेपेचं भाडं मी स्वतःच्या खिशातून घातलं होतं, कारण ‘कापड आणायला एवढं काय लागतं’ या प्रश्नावर दाखवायला माझ्याकडे छापलेलं एक वाक्यही नव्हतं.

तुमच्यातले काही जण नाटक बघून इन्स्टावर चार ओळी लिहितात. त्यातली एक कापडावर लिहा. आवडलं नसेल तरी चालेल. ‘साटिन चमकत होतं, त्यामुळे तो समुद्रावरचा माणूस वाटला नाही’ एवढं लिहिलंत तरी आमच्याकडे कुणीतरी बघितलं, असं होईल.

पुढच्या आठवड्यात नव्या नाटकासाठी पुन्हा मंगलदासला जायचं आहे. या वेळी दिग्दर्शकाला सोबत नेणार आहे. लाँचचं तिकीट तो काढणार आहे.