वजाबाकीतून आलेला वेग

१९८८ साली मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन संघाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. हरली ती एकच, मोंझाची. त्या हारीनंतर घरी परतताना मिलानच्या लिनाते विमानतळावर विमानाची वाट पाहत चौघे जण बोलत बसले होते, आणि रस्त्यावर चालणारी, आजवरची सर्वांत चांगली गाडी बनवायची असं तिथे ठरलं. त्या चौघांतले एक म्हणजे रचनाकार गॉर्डन मरे. चार वर्षांनी, मे १९९२ मध्ये, मॅक्लारेन एफ-१ मोनॅकोत लोकांसमोर आली. १९९८ पर्यंत शर्यतीच्या गाड्या धरून अवघ्या १०६ बनल्या.

तिची ओळख वेगाच्या आकड्याने करून दिली जाते. पण ही गाडी नीट वाचायची तर काय घातलं यापेक्षा काय गाळलं ते आधी पाहावं. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, ब्रेकला सर्व्हो नाही. सीडी प्लेअर आहे, पण रेडिओ नाही. गाडीसोबत मिळणारे पाने टायटॅनियमचे, कारण पोलादाचे जड होतात. सगळा सांगाडा कार्बन फायबरचा. रस्त्यावरच्या गाडीत असा सांगाडा तोवर कुणी विकला नव्हता. या काटकसरीतून वजन उतरलं १,१३८ किलोवर. लांबी आपल्याकडच्या होंडा सिटीपेक्षाही कमी.

इंजिनातही तोच विचार. त्या काळातल्या जग्वार एक्सजे-२२० ला दोन टर्बो होते, बुगाटी ईबी-११० ला चार. मरेंना टर्बो नकोच होता, कारण पाय दाबला की ताकद त्याच क्षणी हवी, टर्बो फिरू लागेपर्यंत थांबायचं नाही. ब्रॅबम संघाच्या दिवसांपासून ओळखीचे असलेले बीएमडब्ल्यूचे पॉल रोशे मदतीला आले. मागणी होती ५५० अश्वशक्तीची आणि २५० किलो वजनाची. रोशेंनी ६.१ लिटरचं व्ही-१२ इंजिन दिलं, ते २६६ किलोंचं निघालं, पण शक्ती ६२७. किलोकिलोचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने वरचे १६ किलो स्वीकारले. काटकसर आणि कंजूषपणा यांतला फरक इथे कळतो.

तो फरक आणखी ठसतो तो इंजिनाच्या कप्प्यात. तिथे आतून सोन्याचा वर्ख लावलेला आहे. श्रीमंतीचा दिखावा वाटेल, पण कारण शुद्ध पदार्थविज्ञानाचं आहे. एक्झॉस्टची प्रचंड उष्णता कार्बन फायबरपर्यंत पोचू द्यायची नाही, आणि उष्णता परतवण्यात सोन्याचा हात धरणारं फारसं काही नाही. वर्ख असल्यामुळे सोनं लागतं तेही काही ग्रॅमच. जिथे वजन न वाढता काम होतं, तिथे खर्चाला हात आखडलेला नाही.

तिन्ही आसनांची मांडणी मात्र मला सर्वांत सुंदर वाटते. चालक बरोबर मधोमध, दोन सोबती त्याच्या दोन्ही बाजूंना थोडे मागे. एका कल्पनेत किती प्रश्न सुटले पाहा. पुढच्या चाकाच्या कमानीमुळे पेडल तिरके सरकवावे लागत नाहीत, डावं-उजवं वळण सारखंच दिसतं, आणि डाव्या-उजव्या स्टीअरिंगच्या वेगळ्या गाड्या बनवाव्या लागत नाहीत. किंमत एवढीच की मधल्या जागेपर्यंत पोचायला थोडी कसरत करावी लागते.

कसरत चालवतानाही आहेच. सर्व्हो नसल्यामुळे ब्रेकवर जोर लागतो, आणि हात चुकला तर सावरून घेणारी यंत्रणा नाही. चालक कसलेला असेल हे मरे गृहीत धरतात. हा विश्वास गाडीचा मोठेपणा आहे, आणि तिची मर्यादाही.

मार्च १९९८ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसीनच्या चाचणी मार्गावर अँडी वॉलेस यांनी, इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा वाढवलेली एक एफ-१ ताशी ३८६ किलोमीटरने पळवली. २००५ मध्ये बुगाटी वेरॉनने ४०० चा टप्पा ओलांडला, पण त्यासाठी हजार अश्वशक्ती, चार टर्बो आणि पावणेदोन टनांहून जास्त वजन लागलं. वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, तेव्हा ही तुलना पूर्ण न्यायाची नाही. तरी दोन वाटा कुठे फुटल्या ते तीतून दिसतं. बुगाटीने बेरीज केली, मरेंनी वजाबाकी.

त्या वजाबाकीची खरी परीक्षा झाली १९९५ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. शर्यतीसाठी ही गाडी आखलेलीच नव्हती. काही मालकांच्या आग्रहाखातर तिची शर्यतीची आवृत्ती बनली. नियमांनुसार इंजिनात जाणारी हवा रोखलेली असल्यामुळे तिची शक्ती रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कमीच होती. पावसाने झोडपलेल्या त्या चोवीस तासांत यानिक डालमास, जे. जे. लेहतो आणि मासानोरी सेकिया यांची एफ-१ पहिली आली. तिसरा, चौथा आणि पाचवा क्रमांकही एफ-१ नेच घेतला. शक्ती घटवूनही जी गाडी जिंकते, तिचं बळ शक्तीत नव्हतंच. ते रचनेत होतं, आणि रचनेतून काढून घेता येईल असं फालतू काही मरेंनी शिल्लक ठेवलं नव्हतं.