कच्चं कोणाला म्हणायचं? चामोर्शीतलं घर, कवेलू आणि सौंदर्याचा प्रश्न

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर एक रकाना असतो: घर कच्चं की पक्कं. चामोर्शी तालुक्यातल्या एका गावात मी हा प्रश्न एका आजीला विचारला. आजी सपरीत बसून मोहफुलं निवडत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या, "कच्चं कायचं, बाई? माह्या सासऱ्यानं बांधलं. अजून उभं आहे ना!"

मी फॉर्मवर 'कच्चं' समोर खूण केली. पुढच्या खोलीच्या भिंती हातभर जाडीच्या, मातीच्या. मागे स्वयंपाकाच्या खोलीला कुडाच्या भिंती, म्हणजे बांबूच्या विणीवर लिंपलेली माती. वर कुंभाराच्या हातचे कवेलू. नियमानं दुसरं काही लिहिताच आलं नसतं. पण ती खूण डोक्यातून गेली नाही. माझ्या पीएचडीचा विषय 'घर बांधताना लोक साहित्य कसं निवडतात' हा आहे, आणि या विषयात सगळ्यात जास्त नुकसान कोणत्या शब्दांनी केलं असं कुणी विचारलं तर मी याच दोन शब्दांकडे बोट दाखवेन. म्हणून आज या वर्गवारीचीच समीक्षा करते.

यादी काय सांगते

२०११च्या जनगणनेत छताच्या साहित्याची यादी आहे. गवत, बांबू, लाकूड, माती, प्लास्टिक आणि हातानं केलेले कवेलू हे तात्पुरत्या गटात. यंत्रावर केलेले कवेलू, टिनाचे आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे, काँक्रीट हे कायमस्वरूपी गटात. भिंतींचंही तसंच. माती, बांबू, लाकूड, न भाजलेली वीट एका बाजूला. भाजलेली वीट, पत्रा, काँक्रीट दुसऱ्या बाजूला.

आता कवेलूचंच बघा. माती तीच, भाजणंही तेच. कुंभाराच्या हातून आला तर कच्चा, कारखान्याच्या साच्यातून आला तर पक्का. आणि एप्रिलमध्ये ज्याच्याखाली माणूस बसू शकत नाही तो टिनाचा पत्रा पक्का! यादी म्हणायला टिकाऊपणा मोजते, पण प्रत्यक्षात साहित्य कारखान्यातून आलं की हातातून, हेच मोजून बसते.

यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता हेही खरं. गवताचं छप्पर पेटतं. वैनगंगेचा पूर गावात शिरला की मातीची भिंत खालून भिजते आणि बसते. २०२०च्या ऑगस्टअखेरीस नदीकाठच्या गावांनी ते पाहिलं आहे. या भीतीवर उत्तर हवंच. माझी तक्रार एवढीच की 'भिंत पाण्यात टिकेल का' या प्रश्नाऐवजी 'भिंत कशाची आहे' हा प्रश्न विचारला गेला. जोतं दगडाचं आणि उंच असेल, छप्पर भिंतीच्या बाहेर दोन हात आलेलं असेल, तर पावसाच्या माऱ्यात मातीची भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. म्हणजे टिकणं हा साहित्याचा जेवढा, तेवढाच आराखड्याचा गुण आहे. यादीत आराखड्याला रकानाच नाही.

घर कसं चालतं

या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जाड मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात. ती आत येईपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. कवेलूंमध्ये फटी असतात, तापलेली हवा वर चढून त्यातून निघून जाते. चुलीचा धूरही तिथूनच जातो आणि जाताना बांबूला, फाट्यांना धुरी देतो, त्यामुळे कीड कमी लागते. उलट चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खाटेवर सोडतो. म्हणून तर उन्हाळ्यात स्लॅबच्या घरातली माणसं अंगणात झोपायला येतात.

सपरीही तशीच. ती ना घरात ना बाहेर. तिथं धान निवडतात, पाहुण्याला पाणी देतात, म्हाताऱ्या माणसांचा दिवस तिथंच जातो. उतरतं छप्पर तिथवर खाली येतं म्हणून सावली मिळते, आणि म्हणूनच रस्त्यावरून पाहताना ते घर वाकून 'या' म्हणत असल्यासारखं दिसतं. पांढऱ्या मातीनं पोतलेली भिंत, खाली गेरूचा पट्टा. हा पट्टा असतो तिथंच पावसाचे शिंतोडे उडतात, आणि खराब झाला की तेवढाच पुन्हा काढता येतो.

सौंदर्य हे घर झाल्यावर उरलेल्या पैशात करायची गोष्ट, असं आपण धरून चालतो. या घरात ते उरलेल्या पैशातून आलेलं नाही. ऊन, पाऊस आणि दुरुस्ती यांचा नीट विचार केला, त्यातूनच ते आलं.

मग आजींना घरकुल का हवंय?

हवंच आहे. आजींनी अर्जही केलाय. इथं आमच्यासारखे अभ्यासक फसतात. मातीच्या घरांचे फोटो काढायचे, 'काय थंडावा!' म्हणायचं आणि संध्याकाळी स्लॅबच्या खोलीवर परत यायचं. मीही तेच करते, म्हणून हे लिहायला हवं.

कारणं साधी आहेत. माकडं छपरावरून उड्या मारतात आणि कवेलू फुटतात. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, म्हणजे सगळे काढून, झाडून, फुटके बदलून पुन्हा बसवायचे. फेरणारा माणूस आता सहज मिळत नाही. कुंभाराच्या पोरानं कवेलूचं काम सोडलंय, कारण मागणी नाही. आणि मागणी नाही कारण कवेलू मिळत नाहीत. मयालीला उधई लागली तर नवं सागवान परवडत नाही. आणि सारवण? ते बाईच करते. आजींचे गुडघे दुखतात. मातीच्या घराचं सौंदर्य बाईच्या फुकटच्या कष्टांवर उभं होतं, हे सांगितल्याशिवाय त्याचं कौतुक करणं मला आता जमत नाही.

तेव्हा लोक सिमेंट मागतात ते अडाणीपणानं नव्हे. त्यांना देखभालीतून सुटका हवी आहे, आणि मानही. लग्न जुळवताना घर पाहतात, तेव्हा 'कच्चं' हा शब्द फॉर्मवरून उतरून लोकांच्या बोलण्यात येतो.

'स्थानिक साहित्य' एवढं म्हणून भागत नाही

वास्तुकलेच्या पुस्तकांतलं ठरलेलं उत्तर म्हणजे 'स्थानिक साहित्य वापरा.' आमच्याकडे हे उत्तर मजेशीर अडचणीत येतं, कारण इथं सिमेंटही स्थानिकच आहे! चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूरला चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. खुद्द चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोहप्रकल्प उभा राहिलाय, त्याला खनिज सुरजागडचं. रेती वैनगंगेची.

आणि जे साहित्य खरंच जंगलातलं, ते गेलं कुठं? इथला बांबू अनेक दशकं बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला. याच पट्ट्यातलं सागवान २०२३मध्ये बल्लारपूरहून मिरवणुकीनं अयोध्येला, राममंदिराच्या दारांसाठी गेलं. त्याचा अभिमान लोकांना आहे आणि तो खराही आहे. पण ज्या जंगलाचं लाकूड देवाच्या दाराला चालतं, त्याच जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला चौकट लोखंडी घ्यावी लागते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः द्यायचा अधिकार मिळाला. तोवर हा 'स्थानिक' बांबू त्या गावाच्या हातात नव्हताच.

म्हणून अंतर किती किलोमीटर, हा माझ्या मते दुय्यम प्रश्न. ते साहित्य आणायचा, घडवायचा आणि बिघडलं तर दुरुस्त करायचा हक्क आणि हुन्नर कोणाकडे आहे, हा पहिला.

तीन इमारती

हे तपासायला आसपासच्या तीन इमारती पाहू.

पहिली, चातगावजवळच्या शोधग्राममधला 'माँ दंतेश्वरी दवाखाना'. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तो बांधण्याआधी आदिवासींना विचारलं, की दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या घरासारखा हवा, नातेवाईकांना सोबत राहता यावं, असं उत्तर आलं. म्हणून तो गोंड गावासारखा, सुट्या झोपड्यांचा झाला आणि नाव देवीचं मिळालं. इथं इमारतीचं रूप हा उपचाराचाच भाग झाला. रुग्ण दाराशीच घाबरून परत गेला, तर आतलं औषध काय कामाचं?

दुसरी, चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र. तिथली बांबूची भव्य इमारत आगीत जळाली. ही घटना मी मुद्दाम सांगते, कारण बांबूप्रेमी ती टाळतात. बांबू हलका, लवचीक, झटपट वाढणारा आहे, पण त्याला कीड लागते आणि तो पेटतो. बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया, आगीपासून बचाव, विजेच्या तारांची काळजी हे सगळं त्या साहित्यासोबतच येतं. आकार भव्य केला की ही जबाबदारीही भव्य होते.

तिसरी, आमच्याच तालुक्यातलं मार्कंडा. वैनगंगेच्या काठावरचा, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मंदिरसमूह. अलेक्झांडर कनिंगहॅमनं १८७०च्या दशकात त्याची नोंद केली. लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. दगडावर कोरीव दगड रचून उभी केलेली ही इमारत, आणि सरकारी व्याख्येत 'कच्च्या'च्या यादीत सैल रचलेले दगडही येतात! यादी डोळे झाकून लावली तर मार्कंडाही कच्चंच निघायचं. गंमत सोडा. पण ही दगडी इमारतसुद्धा वीज पडून मोडली, नंतर गोंड राजवटीत सावरली गेली, आणि आपल्या काळातही शिखराचे दगड उतरवून पुन्हा बसवायचं काम तिथं कित्येक वर्षं रेंगाळलं. म्हणजे पुन्हा हात लावावा लागणार नाही असं साहित्य दगडातसुद्धा नाही. मार्कंडाचा दगड निदान उतरवून परत चढवता येतो. गळका स्लॅब उतरवता येत नाही. त्यावर लोक टिनाचं शेड टाकतात, आणि तालुक्यात अशी शेडं मोजायला बसलात तर दिवस पुरणार नाही.

घरकुलाचं काय करायचं

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण २०१६मध्ये सुरू झाली. किमान २५ चौरस मीटरचं घर, गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला मूळ साहाय्य १ लाख ३० हजार रुपये, शिवाय रोजगार हमीची मजुरी. २०२४मध्ये आणखी दोन कोटी घरांना मंजुरी मिळाली. आजींचं नाव कदाचित त्यातच लागेल.

नियमात मातीला किंवा बांबूला बंदी नाही. उलट केंद्रानंच 'पहल' नावाचा संग्रह काढला, त्यात वेगवेगळ्या प्रदेशांसाठी स्थानिक साहित्याचे घरांचे नमुने आहेत. तरी गावोगाव एकसारखी चौकोनी खोली उभी राहते. हप्ता फोटोवर मिळतो: जोतं, भिंत, छत. मिस्त्रीला विटा-सिमेंटचंच काम येतं. पैसा एवढाच की सपरी पहिल्यांदा कापली जाते. आणि ज्या घरातून माणूस बाहेर पडतोय त्याला सरकारनंच 'कच्चं' म्हटलेलं असतं. मग त्यातलं काही नव्या घरात न्यावं असं कुणाला वाटेल?

मी मातीकडे परत चला म्हणत नाही. विटांची भिंत, दगडाचं उंच जोतं, वर कवेलूचं किंवा पत्र्याखाली बांबूचा तट्टा लावलेलं उतरतं छप्पर आणि पुढं सहा फुटांची सपरी, असं मिश्र घर मला या तालुक्यात हवं वाटतं. त्यासाठी घरकुलाच्या अंदाजपत्रकात सपरीला वेगळी रक्कम हवी. मिस्त्रींच्या प्रशिक्षणात छपराचं काम हवं. कुंभाराला आणि बुरडाला गावच्या कामाची हमी हवी. सारवणाऱ्या बाईच्या कष्टांचा हिशेब हवा.

माझ्या हातात एवढं काही नाही, एक फॉर्म आहे. त्यातला 'कच्चं की पक्कं' हा रकाना मी माझ्यापुरता खोडलाय. त्याऐवजी तीन प्रश्न घातलेत. पाऊस आत येतो का? बिघडलं तर गावातलं कोण दुरुस्त करतं? आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुम्ही घरात कुठं बसता?

तिसऱ्या प्रश्नाला आजींनी उत्तर दिलं नाही. बसल्या जागी हात ठेवून दाखवला, सपरीवर.