सावजी म्हणजे वऱ्हाडी नव्हे

पुण्यात ‘वऱ्हाडी’ पाटी दिसली की मी आत शिरतो. ताटात बहुतेकदा येतो तो नागपूरचा सावजी रस्सा. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचं हे जेवण. मीही नाक पुसत पुसत आवडीने खातो. पण नागपूर वऱ्हाडात येत नाही. जुन्या वऱ्हाडाचे जिल्हे चार: अमरावती, अकोला, बुलडाणा आणि आमचं यवतमाळ.

आमच्याकडे पंगत बसते रोडग्यांची. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. याला वेळ लागतो, म्हणून ते मेन्यूत नसतं. आणि माझ्या पुणेकर मित्रांना वऱ्हाड म्हणजे नुसता ठसका वाटतो.

सावजी विकता तर पाटीवर सावजीच लिहा. वऱ्हाडी लिहायचं असेल, तर निदान रविवारी रोडगे करा.