सामाईक बॅटरी: न्याय्य वाटणी टिकते का?

आज आपण एका सूत्राची चिकित्सा करू. चार-पाच पवनऊर्जा प्रकल्पांनी मिळून एकच मोठी बॅटरी घेतली, तर तिचा खर्च कुणी किती उचलायचा? या प्रश्नावर अभ्यासक बहुधा लॉइड शॅप्ली यांच्या १९५३ सालच्या सूत्राकडे वळतात. सूत्र देखणं आहे. ते ‘न्याय्य’ म्हणून जसंच्या तसं दरपत्रकात उतरवायला मात्र आमचा आक्षेप आहे.

बॅटरी हवी कशाला, ते आधी बघू. पवनचक्कीवाल्याला दिवसाच्या ९६ खंडांत, म्हणजे दर पंधरा मिनिटांना, किती वीज देणार ते आधी कळवावं लागतं. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे यासाठीचे विनियम २०१८ चे आहेत. अंदाज मर्यादेपलीकडे चुकला की विचलनाचं शुल्क बसतं. वारा पडला तर बॅटरीने तूट भरून काढायची.

आता एक हिशेब मांडू. आकडे कल्पित आहेत. क आणि ख हे दोघे साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचे शेजारी, ग धुळ्याकडचा. स्वतंत्रपणे प्रत्येकाला १० कोटींची बॅटरी लागते. क आणि ख यांची तूट एकाच वेळी येते, कारण वारा तोच. ग ची तूट वेगळ्या वेळी येते आणि मधल्या वेळात बॅटरी पुन्हा भरून घेता येते. म्हणून तिघांना मिळून ३० नव्हे, २० कोटींची बॅटरी पुरते. वाचले १० कोटी.

शॅप्लींची रीत अशी: तिघे ज्या ज्या क्रमाने गटात येऊ शकतात, ते सहाही क्रम घ्या, प्रत्येकाच्या येण्याने खर्च किती वाढतो ते बघा आणि सरासरी काढा. क आणि ख यांना प्रत्येकी सुमारे ८.३३ कोटी येतात, ग ला ३.३३. समान वाटणीपेक्षा हे नक्कीच शहाणपणाचं. पण क आणि ग यांची बेरीज करा: ११.६७ कोटी. हे दोघेच वेगळे झाले तर त्यांचं काम १० कोटींत भागतं! मग ते ख सोबत राहतील कशाला? आणि ख लाही ग ला घेऊन बाहेर पडायची तीच मुभा आहे. कुणालाच फुटावंसं वाटू नये अशी वाटणी इथे एकच निघते: क आणि ख प्रत्येकी १० कोटी, ग शून्य.

बचत होते ती ग च्या वेगळेपणामुळे. शेजाऱ्याला जोडून घेतल्याने काहीच वाचत नाही. म्हणून सगळ्यांचे वारे स्वतंत्र आहेत असं धरून काढलेले बचतीचे आकडे आपण सावधपणे वाचायला हवेत. एका पठारावर वारा वेगवेगळा वाटून येत नाही.

कुणी म्हणेल, मग ग ला फुकट द्या. तेही बरोबर नाही. ग बॅटरी वापरणार, आणि प्रत्येक भरण्या-रिकामं होण्याने तिची झीज होणार. वरच्या हिशेबात झीज आलीच नाही. शॅप्लींना जो खर्च दिला, तोच त्यांनी वाटला. दोष सूत्राचा कमी, आपण त्याला काय पुरवलं त्याचा जास्त.

उपाय आपल्या घरच्या वीजबिलातच आहे: स्थिर आकार वेगळा, वीज आकार वेगळा. बॅटरीच्या क्षमतेचा खर्च सगळ्यांच्या एकत्रित तुटीच्या शिखरावेळी कोण किती ओढतो त्यावरून लावावा; झिजेचा खर्च वापरलेल्या युनिटवर. मग ग पहिल्या भागात जवळपास सुटेल, दुसऱ्यात पूर्ण भरेल. याचा आणखी एक फायदा आहे. वीस प्रकल्प झाले की शॅप्लींसाठी दहा लाखांहून अधिक गट तपासावे लागतात. हा हिशेब मात्र मीटरच्या नोंदींवरून छोटा प्रकल्पवालाही स्वतः पडताळू शकतो.

तेही निर्दोष नाही. शिखराची वेळ ओळखून कुणी तेवढ्यापुरती मागणी लपवली, तर भार दुसऱ्यावर जाईल. म्हणून एकच क्षण न धरता अनेक शिखरांची सरासरी घ्यावी लागेल. पण ज्याला आपलं बिल समजत नाही तो भागीदार आज ना उद्या बाहेर पडतो, आणि भागीदार गेले की सामाईक बॅटरीची बचतही जाते.