हॅरॉल्ड इव्हान्स : संपादक आणि त्याच्या पाठीशी असलेला मालक

मंडळी, संपादक चांगला असला की पेपर चांगला निघतो, असं आपण सहज म्हणतो. हॅरॉल्ड इव्हान्स यांची कारकीर्द पाहिली की हे अर्धंच खरं वाटतं.

आगगाडीच्या ड्रायव्हरचा हा मुलगा १९६७ साली लंडनच्या 'संडे टाइम्स'चा संपादक झाला. १९७२ मध्ये त्यांनी थॅलिडोमाइडचं प्रकरण हाती घेतलं. गरोदरपणी बायकांना दिलेल्या या औषधामुळे शेकडो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. औषध विकणारी डिस्टिलर्स कंपनी याच पेपरची मोठी जाहिरातदार. शिवाय प्रकरण न्यायप्रविष्ट, म्हणजे छापलं तर न्यायालयाचा अवमान. इव्हान्स यांनी तरी मोहीम चालवली. साडेबत्तीस लाख पौंडांत मुलांची बोळवण करू पाहणारी कंपनी १९७३ मध्ये दोन कोटींवर आली. मनाई झालेल्या लेखाचा खटला १९७९ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयात पेपरने जिंकला.

श्रेय इव्हान्स यांचंच. पण मालक रॉय थॉमसन यांनी नुकसान सोसलं आणि संपादकाच्या कामात हात घातला नाही, हेही लक्षात घ्या.

१९८१ मध्ये थॉमसन कुटुंबाने पेपर रूपर्ट मरडॉक यांना विकले. संपादकीय स्वातंत्र्याच्या लेखी हमी दिल्या गेल्या. त्यांच्या भरवशावर इव्हान्स 'टाइम्स'चे संपादक झाले आणि वर्षभरातच, मार्च १९८२ मध्ये, राजीनामा देऊन बाहेर पडले. इथे माझा आक्षेप आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदपत्रांवर शंका घेणारा माणूस स्वतःच्या बाबतीत कागदावर विसंबला!

पुढे अमेरिका. १९८७ मध्ये 'काँडे नास्ट ट्रॅव्हलर' काढताना त्यांनी नियम केला : हॉटेलांचा, विमान कंपन्यांचा फुकट पाहुणचार घेऊन लिहायचं नाही. हा खरा संपादक! १९९० ते ९७ 'रँडम हाउस'चे अध्यक्ष. लेखकांना भल्यामोठ्या आगाऊ रकमा, कॉलिन पॉवेल यांचं आत्मचरित्र, 'प्रायमरी कलर्स' ही निनावी कादंबरी. पुस्तकं खपली, गाजली. पण थॅलिडोमाइडच्या तोडीचं त्यात काय होतं, असं विचारलं तर मला उत्तर सापडत नाही.

म्हणून एखादा संपादक व्यवस्थापक झाला की 'विकला गेला' म्हणण्याची घाई करू नका. आधी विचारा, जाहिरात गेली तरी त्याच्या पाठीशी उभं राहणारं कुणी उरलं होतं का? आणि आपण वाचक तरी उभे राहतो का?